मित्राचा आकडा आणि पुस्तकातला आकडा

बंदूक, रायफल, नेमबाजी आणि शस्त्रपरवाना याविषयी आलेल्या पत्रांना मी या सदरात उत्तरं देतो. माझी सगळी नोकरी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात, प्रूफ म्हणजे चाचणी विभागात झाली. निवृत्तीनंतर देवळाली कॅम्पात राहायला आलो. या वेळची चारही पत्रं काडतुसात दारू भरण्याशी या ना त्या बाजूने जोडलेली आहेत, म्हणून एकत्र घेतली. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला मुलगा येत्या काही दिवसांत खरोखरच दारू भरायला बसणार आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मोंटाना राज्यात नोकरीला आहे. तिथल्या मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जाऊ लागलाय, परवाना वगैरे सगळं रीतसर आहे. आता त्याने .३०८ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली आणि काडतुसं घरीच भरायची म्हणून प्रेस, काटा, दारूचा डबा असं सामान आणलंय. मॅन्युअलच्या पानाचा फोटो त्याने मला पाठवला. प्रत्येक दारूपुढे दोन आकडे आहेत, एक सुरुवातीचा आणि एक कमाल. त्याचा मित्र म्हणतो, ‘मी कित्येक वर्षं हाच चार्ज (दारूचं वजन) भरतो, काही होत नाही, तूही इथूनच सुरू कर.’ मित्राचा आकडा कमाल आकड्याला जवळपास टेकलेला आहे. मला यातलं काही कळत नाही, पण जिवाला घोर लागलाय.
— एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. मुलाला आजच फोन करून सांगा, सुरुवात पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासूनच करायची. मित्र खोटं बोलत नसेल. त्याचा चार्ज त्याच्या रायफलीत खरोखर नीट चालत असेल. पण तो आकडा त्याच्या रायफलीचा, त्याच्या केसचा (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा) आणि त्याच्या बुलेटचा आहे. तुमच्या मुलाची रायफल वेगळी आहे.

हे इतक्या ठामपणे का सांगतो, ते थोडं आतलं सांगितल्याशिवाय पटणार नाही.

काडतुसातली आजची दारू काळी बारूद नव्हे. ती नायट्रोसेल्युलोजची असते, काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असतं. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी अशी बिनधुराची दारू पहिल्यांदा रायफलीसाठी तयार केली. तिचा स्वभाव असा की दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारू थोडी वाढवली की दाबही तेवढाच थोडा वाढेल, हा हिशेब वरच्या टोकाला फसतो. तिथे अर्धा ग्रेनसुद्धा (ग्रेन हे दारू मोजायचं बारीक वजन) मोठी उडी घेऊ शकतो. .३०८ साठी अमेरिकेत मान्य असलेली सरासरी दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. गाडीच्या चाकात आपण हवा भरतो ती ३०-३५ पौंड. हा सगळा दाब पितळेच्या पातळ केसने, चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पोलादाने आणि बोल्टच्या दोन-तीन लग्जनी, म्हणजे बोल्ट अडकवून धरणाऱ्या खुंट्यांनी, धरून ठेवायचा असतो, आणि बोल्टपासून नेम धरणाऱ्याचा डोळा वीतभर अंतरावर असतो.

हा दाब मोजणं हेच आमच्या विभागाचं काम. जुन्या पद्धतीत खास जाड नळी असते, चेंबरच्या जागी तिच्या भिंतीला आरपार भोक, त्या भोकात पिस्टन, आणि पिस्टनवर तांब्याचा छोटा दंडगोल ठेवून वरून घट्ट आवळलेला. काडतूस उडालं की पिस्टन वर ढकलला जातो आणि तांबं चेपतं. मग तो दंडगोल चिमट्याने उचलायचा, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरायचा, उरलेली लांबी वाचायची आणि तक्त्यात दाब बघायचा. हल्ली हेच काम पिझो सेन्सर (दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारं उपकरण) करतो, तोही जास्त बारकाईने. एकाच पेटीतली, एकाच दिवशी भरलेली काडतुसं घेतली तरी तांब्याच्या चेपलेल्या लांब्या एकसारख्या येत नाहीत. कारखान्यात इतकी काळजी घेऊनही हा फरक पडतो, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर किती पडेल? मॅन्युअलच्या पानावरचे दोन आकडे अशा नळीतून, अशा मोजणीतून आलेले असतात. मित्राच्या आकड्यामागे कसलंही मोजमाप नाही, फक्त आजवर काही झालं नाही एवढंच आहे.

आता रायफल रायफलीत काय बदलतं ते सांगतो. चेंबरच्या पुढे नळीत जिथे खाचा सुरू होतात तो भाग एखाद्या रायफलीत आखूड असतो, एखादीत झिजून लांबलेला. बुलेट त्या खाचांना आधीच टेकलेली असेल तर दाब चढतो. केस लांबून तिचं तोंड चेंबरच्या कडेला अडकत असेल तरी बुलेट आवळली जाते आणि दाब चढतो, म्हणून केसची लांबी मोजून वाढलेली कापावी लागते. लष्करी ७.६२ ची (.३०८ च्या लष्करी भावंडाची) केस .३०८ च्या साध्या केसपेक्षा जाड भिंतीची असते, आत जागा कमी. तेवढीच दारू त्यात जास्त दाब देते. मुलाच्या मित्राने साध्या केस वापरल्या असतील आणि मुलाला कुठून तरी लष्करी केसांची स्वस्त पिशवी मिळाली, तर तोच आकडा भलताच होतो. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचा, प्रायमर (केसच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी) लावला तर फरक पडतो. निव्वळ तांब्याची बुलेट तेवढ्याच वजनाच्या शिसं भरलेल्या बुलेटपेक्षा लांब असते, केसमध्ये खोल बसते, म्हणून तिचे आकडे तिच्या कारखान्याच्या पुस्तकातूनच घ्यायचे. यातली एकही गोष्ट बदलली की पुन्हा खालच्या आकड्यावर यायचं. दारूचा नवा डबा वेगळ्या लॉटचा (कारखान्यातल्या वेगळ्या खेपेचा) निघाला तरीही.

दारूच्या नावाची तर फार धास्ती घ्या. आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ या दोन वेगळ्या दारू आहेत, पहिली दुसरीपेक्षा वेगाने जळते. ४८९५, ४३५० हेही आकडे दोन्ही नावांत आहेत. (एच ४८३१ ची कथा मोठी रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात तोफेच्या गोळ्यांसाठी बनवलेली दारू उरली, ती अमेरिकेतल्या हॉजडन यांनी घेऊन नेमबाजांना विकली, तिथून हे नाव आलं.) मित्राने फोनवर नुसतं ‘४८३१’ म्हटलं आणि मुलाने दुकानातून दुसरा डबा उचलला की घोटाळा झालाच. डब्यावरचं पूर्ण नाव आणि पानावरचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, काम झालं की उरलेली दारू त्याच डब्यात परत. काचेच्या बरणीत किंवा दुसऱ्या डब्यात ओतून ठेवलेली, नाव पुसलेली दारू कितीही चांगली दिसली तरी वापरायची नाही.

आपल्याकडून गेलेल्या मुलाला एक खास सूचना. पुस्तकातलं वजन ग्रेनमध्ये असतं, ग्रॅममध्ये नाही. १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, १ ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेनच्या आसपास. रीलोडिंगच्या पुस्तकात ‘जीआर’ अशी अक्षरं असतात, ती ग्रॅमची वाटू शकतात. खिशातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ग्रॅम, कॅरट, ग्रेन असं बदलायचं बटण असतं, आणि ग्रेनला ‘जीएन’ लिहिलेलं असतं. चुकून बोट लागलं की एकक बदलतं. म्हणून बसल्यावर पहिलं काम, काट्यासोबत आलेलं तपासणीचं वजन ठेवून बघायचं, मध्ये एकदा पुन्हा बघायचं. पंखा बंद. हीटरचा झोतही बंद, कारण हवेने ग्रेनचा दहावा भाग सहज इकडचा तिकडे होतो.

मग खालच्या आकड्याची थोडी काडतुसं भरायची, पुढच्या पायरीची थोडी, त्याच्या पुढची थोडी. .३०८ एवढ्या केसला अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्या ठीक, वरच्या आकड्याजवळ गेल्यावर त्याहून बारीक. प्रत्येक पायरीची पेटी वेगळी, वर चिठ्ठी. रेंजवर सगळ्यात हलकं आधी उडवायचं. बोल्ट उचलायला जड जाणं, प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरणं, फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती कडा उठणं, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत गोल ठसा उमटणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी थांबायचं. वरच्या पायरीची न उडवलेली काडतुसं घरी नेऊन मोकळी करायची. संपवून टाकू म्हणून उडवायची नाहीत.

पण या खुणांवर भिस्त ठेवू नका, असं मी कळकळीने सांगतो. मऊ प्रायमर ठीक दाबालाही चपटा होतो. कडक केस दाब मर्यादेच्या बराच वर गेला तरी काही बोलत नाही. केसवर खूण उमटली म्हणजे दाब तिथे आत्ता पोचला असं नव्हे, तो आधीच पुढे निघून गेलेला असू शकतो. त्यापेक्षा वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, जास्त खरं सांगतं. पुस्तकातल्या कमाल चार्जला जो वेग लिहिलाय, तोच वेग मुलाच्या रायफलीत त्याहून कमी दारूला मिळाला, तर त्याची कमाल तिथेच आली. वेग दाबातून येतो. दुसरीकडून कुठून येत नाही.

तापमानाचंही बघा. इथे देवळालीत तोफखान्याच्या सरावाचे आवाज घरात ऐकू येतात. तोफेचा मारा काढताना दारूचं तापमान हिशेबात धरतात, कारण गरम दारू जास्त दाब देते आणि गोळा लांब जातो. नोव्हेंबरच्या थंडीत मोंटानात जो चार्ज कमाल ठरवला, तोच जुलैत बंद गाडीत तापलेल्या काडतुसात वर चढतो. म्हणून कमाल आकड्याला खेटून भरायचंच नाही. हरीण पडतं ते जागेवर लागलेल्या गोळीने. शेवटच्या ग्रेनने मिळणारा सेकंदाला काही फुटांचा वेग हरणाला कळत नाही, रायफलीच्या बोल्टला मात्र कळतो.

एखाद्या पानावर फक्त कमाल आकडा असेल तर साधारण १० टक्के कमी करून सुरू करावं असा रिवाज आहे. त्याला अपवाद आहेत, ते पुढच्या उत्तरात येतील. डब्याचं म्हणाल, तर मूळ डब्यात, कोरड्या थंड कपाटात, चुलीपासून दूर ठेवलेली दारू घर उडवत नाही. दारूचा वास घ्यायला मुलाला शिकवा. चांगल्या दारूला ईथर-स्पिरिटसारखा किंचित गोडसर वास असतो. डबा उघडताच नाकात आंबट तिखट झणका आला, झाकणाच्या आतून तांबूस गंज दिसला किंवा तपकिरी धूर दिसला, तर ती दारू बिघडली आहे. ती केसमध्ये घालायची नाही आणि घरातही ठेवायची नाही.

प्रश्न : भाऊ न्यूझीलंडमध्ये डेअरी फार्मवर आहे. सशांसाठी आणि सरावासाठी त्याला आवाज आणि धक्का कमी हवाय. तुम्ही खालून सुरू करा म्हणता, मग निम्म्या चार्जपासून सुरू केलं तर आणखी सुरक्षित नाही का?
— एक अभियंता, सातपूर

उत्तर : नाही. तुमचा तर्क सरळ आहे, पण दारू त्या तर्काने चालत नाही. पुस्तकातला खालचा आकडाही मोजून दिलेला असतो, त्याच्या खाली उतरायचं नाही.

दारू फार कमी असली की ती केसमध्ये आडवी पसरते. रायफल वर करून नेम धरला की एका जागी, खाली करून धरला की दुसऱ्या जागी, आणि प्रायमरची ज्वाळा दर वेळी वेगळी लागते. कधी दाब इतका कमी राहतो की बुलेट नळीतच अडकते. आवाज बारीक ‘फट्’ असा येतो, माणसाला वाटतं काडतूस फुसकं निघालं, आणि तो पुढचं भरून चाप ओढतो. नळी तिथे फुटते. असा आवाज आला की थांबा, बोल्ट काढा, नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा. मोठ्या केसमध्ये हळू जळणारी दारू अगदी थोडी भरली असता दाब उलट एकदम उसळल्याच्याही नोंदी आहेत. त्याच्या कारणावर जाणकारांत एकमत नाही, पण रायफली फुटल्या आहेत.

एच ११० सारख्या दारूला तर १० टक्केसुद्धा कमी करू नका. ती विकणारी हॉजडन कंपनीच सांगते की कमाल आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नये. उलट एच ४८९५ ही कमी चार्जला नीट पेटणारी दारू आहे, आणि तिच्यासाठी हॉजडन कंपनीने स्वतः कमाल चार्जच्या ६० टक्के एवढ्या चार्जपर्यंत खाली उतरायची सवलत दिली आहे. ज्या काडतुसासाठी एच ४८९५ चा आकडा पुस्तकात आहे त्यालाच ती लागू. भावाला सांगा, कंपनीच्या पानावर हलक्या लोडचा स्वतंत्र तक्ता असेल तोच वापर. तेही नको असेल तर सशांसाठी .२२ घेतलेली बरी.

प्रश्न : वडिलांच्या नावावरची .३१५ रायफल वारसाने माझ्या परवान्यावर आली. सोबत जुन्या काडतुसांची पेटी आहे, काहींवर हिरवट बुरशी चढलीय. नवी काडतुसं महाग पडतात. ओळखीचा एक जण रिकाम्या केस भरून देतो म्हणतो, ‘दारू कमीच घालतो, काळजी नको’ असंही म्हणाला. भरून घेऊ का?
— एक द्राक्ष बागाईतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : दादा, अजिबात नको. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, आणि तुमचा रायफल बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं कैद आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. वरच्या दोन उत्तरांत मी जे लिहिलं ते जिथे घरी भरणं कायद्याने चालतं त्या देशांतल्या लोकांसाठी आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी तो माणूस केसमध्ये काय घालणार हे त्यालाही सांगता येणार नाही. त्याच्याकडे कोणत्या दारूचा डबा आहे? त्या दारूचं .३१५ साठी पुस्तक आहे? दाब कोणी मोजला? फटाक्यातली किंवा खाणीतली दारू रायफलीत गेली तर त्यात ‘कमी’ असं काही नसतं. मित्राचा आकडा तरी कुठल्या तरी डब्यावरून आलेला असतो, याच्याकडे तेही नाही.

बुरशी चढलेली, केसच्या मानेला चीर गेलेली, बुलेट हाताने हलणारी काडतुसं वेगळी काढा. घासून पुसून उडवू नका. शेकोटीत किंवा विहिरीत टाकू नका, शेताच्या बांधावर पुरू नका. परवाना आणि लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जा, किती काडतुसं जमा केली ते लिहून पोच घ्या आणि ती परवान्याच्या फायलीत लावा. नवी काडतुसं परवानाधारक दुकानातूनच, आणि पेटीवरचा लॉट नंबर लिहून ठेवा.

प्रश्न : मी ५० मीटर रायफल प्रकारात सराव करते. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवलं तेव्हापासून याच प्रकारात पुढे जायचं ठरवलंय. .२२ ची काडतुसं संपतात फार. परदेशात खेळाडू ती पुन्हा भरतात का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : बेटा, .२२ रिमफायर पुन्हा भरायची नसते. तिला वेगळा प्रायमर नसतो. पेटणारं रसायन केसच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत फिरवून भरलेलं असतं, आणि फायरिंग पिन त्या कडेलाच ठेचते. एकदा ठेचली की ती केस संपली. मोठे खेळाडू त्याऐवजी लॉट निवडतात. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची थोडी थोडी काडतुसं घेऊन, नळी किंवा रायफल पक्की बांधून कागदावर गोळा (गोळ्यांच्या भोकांचा झुपका) किती जुळतो ते बघतात, आणि जो लॉट आपल्या नळीला मानवतो त्याचीच मोसमभर पुरेल एवढी खरेदी करतात. तुझ्या प्रशिक्षकांना विचार, क्लबची खरेदी व्हायच्या आधी दोन-तीन लॉटची अशी चाचणी करता येईल का. तुझ्या रायफलीत कोणत्या लॉटने कसा गोळा दिला, ती कार्डं तारीख घालून जपून ठेव.